पंगत : ऑक्सफर्डची आणि साताऱ्याची

मराठी प्रवासवर्णनांतले ऑक्सफर्ड बहुधा एका दिवसाचे असते. सकाळी लंडनहून गाडीने यायचे, बोडलियन ग्रंथालय बाहेरून-आतून पाहायचे, दोन-तीन महाविद्यालयांची प्रांगणे ओलांडायची, दुपारी कुठेतरी पोटपूजा करायची आणि दिवेलागणीच्या सुमारास परतीची गाडी पकडायची. या वर्णनांत वास्तूंना पाने मिळतात आणि खाण्याला दोन ओळी. त्याही शाकाहारी माणसाची कशी पंचाईत झाली हे सांगण्यापुरत्या. वस्तुतः विद्यापीठ नावाची संस्था समजून घ्यायची तर ग्रंथालयाइतकेच तिथले भोजनगृह पाहिले पाहिजे. कोण कोणाबरोबर जेवतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. तो तिकडेही नवा नव्हता, एवढेच आपल्या ध्यानात आलेले नसते.

शहरातल्या खाण्यापिण्याला स्वतःचा इतिहास आहेच. इंग्लंडमधल्या पहिल्या कॉफीगृहांपैकी एक इथे १६५०च्या सुमारास निघाले. रस्त्यांवरच्या विक्रेत्यांचा पसारा आवरावा म्हणून बांधलेली छपराची मंडई १७७४ साली उघडली आणि ती आजही भरते. पावाला लावायचा कडवट-गोड संत्र्याचा मुरंबा 'ऑक्सफर्ड मार्मालेड' या नावाने १८७४पासून प्रसिद्ध आहे. प्रवाशाच्या वाट्याला येते ते हे शहर. विद्यापीठाचे जेवण मात्र महाविद्यालयाच्या सभागृहात होते. लांबच लांब बाके, भिंतींवर दिवंगत गुरुजनांची तैलचित्रे, जेवणापूर्वी लॅटिन प्रार्थना, आणि एका टोकाला चौथऱ्यावर मांडलेले अध्यापकांचे उच्चासन, म्हणजे 'हाय टेबल'. ख्राइस्ट चर्चचे असे सभागृह पाहायला आज पर्यटकांची रीघ लागते. त्यांतल्या अनेकांना ते हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे ठाऊक असते.

या मांडणीत उतरंड आहे हे उघडच दिसते. पूर्वी ती याहून स्पष्ट होती. गरीब विद्यार्थ्याला शुल्कात सवलत हवी असेल तर त्याने श्रीमंत सहाध्यायांची सेवाचाकरी करावी, अशी रीत होती. ऑक्सफर्डमध्ये अशा विद्यार्थ्याला 'सर्व्हिटर' म्हणत, केंब्रिजमध्ये 'सायझर'. आयझॅक न्यूटन १६६१ साली ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला तो अशाच सवलतीवर. पुढे धर्मोपदेशक म्हणून गाजलेला जॉर्ज व्हाइटफील्ड १७३२मध्ये ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात सर्व्हिटर होता. एकाच छपराखाली विद्या मिळत होती. पण ताटे वाढणारा कोण आणि वाढून घेणारा कोण, हे आधीच ठरलेले होते.

काहींना तर छपराखाली येण्याचीच मुभा नव्हती. इंग्लंडच्या अधिकृत चर्चची तत्त्वे मान्य नसणाऱ्यांना ऑक्सफर्डची पदवी १८५४पर्यंत मिळू शकत नसे. उरलेली बहुतेक बंधने १८७१च्या कायद्याने गेली. स्त्रियांची वाट आणखी लांब होती. नाशिकला जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये गेली आणि १८९२मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली. परंतु विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२०मध्ये, आणि सोराबजींच्या हाती पदवी पडली ती १९२२मध्ये. परीक्षेला बसू द्यायचे आणि मानाच्या पंक्तीत मात्र बसू द्यायचे नाही, हा न्याय केवळ आपल्याकडचा नव्हता.

या पार्श्वभूमीवर विठ्ठल रामजी शिंदे यांचे ऑक्सफर्ड पाहिले पाहिजे. शिंदे मूळचे जमखंडीचे. सांगली-मिरजेप्रमाणे जमखंडी हेही पटवर्धनांचे संस्थान. तेव्हा दक्षिण महाराष्ट्राच्या या टापूतली सोवळ्याओवळ्याची रीत त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. १९०१मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले आणि १९०३पर्यंत तिथे राहिले. हे कॉलेज साधे नव्हते. ज्या धर्मपंथीयांना जुन्या विद्यापीठांनी दाराबाहेर ठेवले होते, त्यांनी १७८६मध्ये मँचेस्टर येथे काढलेली ती संस्था. ती ऑक्सफर्डला आली १८८९मध्ये. म्हणजे पंक्तिभेद सोसलेल्यांनी उभारलेल्या घरी हा मराठी तरुण शिकत होता. पुढे १९०६मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापन केले. या कार्याची मुळे केवळ ऑक्सफर्डमध्ये शोधणे अन्यायाचे होईल, कारण ती त्यांच्या घरच्या संस्कारांत आणि प्रार्थनासमाजातही आहेत. तरीही बहिष्कृतांनी स्वतःची विद्यासंस्था काढून ताठ मानेने उभे राहावे, याचे एक जिवंत उदाहरण त्यांनी तिथे दोन वर्षे पाहिले, हे विसरून चालणार नाही.

आता त्याच १९०१ सालाकडे साताऱ्याहून पाहू. त्या उन्हाळ्यात साताऱ्याला शिकणारा एक मुलगा भावंडांसह आगगाडीने मसूर स्थानकावर उतरला. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते. त्यांच्याकडे जायचे होते. जात कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एकजण तयार झाला. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत कोणी पाणी देईना. अन्न जवळ असूनही मुले उपाशी निजली. ही हकीकत त्या मुलाने, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली. एका मराठी माणसाला ऑक्सफर्डचे दार उघडत होते, त्याच वर्षी दुसऱ्या मराठी मुलाला मसूरच्या वाटेवर घोटभर पाणी मिळत नव्हते. ही दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय आपल्या विद्येचा इतिहास पुरा होत नाही.

आपल्या मध्यमवर्गाने इंग्रजी विद्यापीठ-नगरीतून घेतले ते मुख्यतः परीक्षेतले यश. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि 'रँग्लर' हे मराठीत जणू नावाआधीचे बिरुद झाले. साताऱ्याचे गणेश सखाराम महाजनीही केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. हा वारसा मोलाचाच आहे. पण वसतिगृह आणि पंगत हीदेखील शिक्षणाची साधने आहेत, ही गोष्ट ज्यांनी आमच्या भागात रुजवली, त्यांनी ऑक्सफर्ड पाहिले नव्हते.

भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले; १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकत्र जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिल्याची आठवण आजही सांगितली जाते. १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. इथे सर्व्हिटरशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती उद्बोधकही आहे. दोन्हीकडे गरीब विद्यार्थी श्रम करून शिकतो. परंतु ऑक्सफर्डचा सर्व्हिटर श्रीमंत सोबत्याची चाकरी करी आणि त्या कामाने त्याचा खालचा दर्जा पक्का होई. साताऱ्यात श्रम हेच शिक्षणाचे अंग मानले गेले, आणि श्रमामुळे पंगतीतली जागा खाली सरकत नव्हती.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण निसर्गवर्णन, शैली, विनोद यांची चर्चा करतो. त्यात एका प्रश्नाची भर घालावीशी वाटते: लेखक कुठे जेवला, कोणाशेजारी बसला, त्याचे ताट कोणी वाढले आणि कोणी उचलले? ज्या वर्णनात याविषयी काहीच सापडत नाही, तिथे ते का सापडत नाही, याचाही विचार वर्गात व्हावा.