खानदेशाची राजधानी: एकट्याने दोन दिवस

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना झालेले फाटे फारसे छाटलेले नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.

गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. शनिवार-रविवार मोकळा आहे, सोबत कोणी नाही, ओळखीचं गाव नको, आणि इतिहास बघायचाय. कुठे जाऊ? हंपी दोन दिवसांत होत नाही. विजापूर, बिदर बऱ्याच जणांचं झालेलं असतं. माझं उत्तर बुऱ्हाणपूर. जुन्या मराठी कागदांत 'बऱ्हाणपूर' असंही सापडेल. मुंबईहून उत्तरेला जाणाऱ्या कितीतरी गाड्या या स्टेशनावरून जातात, आणि बहुतेक मराठी माणूस तिथून रात्री झोपेत पुढे निघून जातो.

आता हे गाव मध्य प्रदेशात आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. पण मुळात ही खानदेशाची राजधानी. फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं आपल्या धुळे जिल्ह्यातलं थाळनेर. तिथून वर सरकून नासिर खान फारुकीने पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीकाठी हे शहर वसवलं आणि त्याला नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. त्यांची कबर खुलदाबादला आहे. म्हणजे राजधानी तापीवर, नाव देणारा संत वेरूळच्या डोंगरावर, आणि आज 'खानदेश' म्हटलं की आपण जळगाव, धुळे, नंदुरबार एवढंच मोजतो. राजधानी नकाशाबाहेर राहिली. शाळेतल्या इतिहासातही ती बाहेरच राहिली, हे मला जास्त खटकतं.

तर, जायचं कसं? भुसावळ सुटलं की सावदा, रावेर, दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि तासाभरात बुऱ्हाणपूर. फक्त एक बघा. मुंबईहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्या इथे भलत्या वेळी, अपरात्री सोडतात. अनोळखी गावात एकट्याने पहाटे तीनला उतरण्यात काही शौर्य नाही. गाडी अशी निवडा की उजाडल्यावर पोचाल. नाहीतर भुसावळला उतरा, चहा घ्या आणि सकाळची गाडी किंवा एसटी पकडा. स्टेशन मूळ गावापासून थोडं लांब, लालबागच्या बाजूला आहे, रिक्षा लागतेच. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला घ्या. एप्रिल-मेमध्ये जळगावचं ऊन माहीत असेल, तर वेगळं सांगायला नको.

मुक्कामाचं म्हणाल तर अनोळखी शहरात खोली बघून तोंड वाकडं करणारे तुम्ही पहिले नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून जहांगीराकडे निघाला असताना इथे थांबला. सराईचा दर्शनी भाग दगडी आणि देखणा होता, पण आत त्याला मिळाल्या चार खोल्या. भिंतीत काढलेल्या विटांच्या भट्ट्यांसारख्या, असं तो रोजनिशीत वैतागून लिहितो. शेवटी त्याने स्वतःचा तंबू ठोकला. तुमच्याकडे तंबू नसणार, तेव्हा खोली आधी फोन करून ठरवा, खिडकी आहे का विचारा, आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा.

रो आला होता शहजादा परवेझला भेटायला. भेट म्हणून त्याने दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. नंतर परवेझ त्याला आत बोलावणार होता, ते बोलावणं काही आलंच नाही. त्या पेटीमुळे शहजादा त्या अवस्थेत राहिला नव्हता, असं रोला मागाहून कळलं. हसू येतं, पण बुऱ्हाणपूरचा हा धागा पुढे काळा होत जातो. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये इथेच दारूपायी गेला. त्याच्यावर पहारे होते, म्हणून त्याने लाडक्या बंदुकीच्या नळीत दारू भरून आणवली आणि गंज उतरलेली ती दारू प्याला, हे जहांगीर स्वतःच्या आठवणींत नोंदवतो. जहांगीराचा थोरला मुलगा खुसरो १६२२ मध्ये इथे मेला, भाऊ खुर्रमच्या कैदेत. खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान. आणि तो बाटल्यांवाला परवेझ, तोही १६२६ मध्ये इथेच गेला. मुघलांना दख्खन जिंकायचा होता आणि दख्खनचं दार होतं बुऱ्हाणपूर. शहजाद्यांना या दारात आणून बसवायचं, ही त्यांची रीत. काहींची उमेद दारातच संपली.

शनिवारी सकाळी जामा मशिदीपासून सुरुवात करा. गावाच्या मध्यभागी आहे, चालत जाता येतं, आणि एकट्या माणसाला नव्या गावात पाय रुळवायला अशी मध्यवर्ती जागा बरी असते. नमाजाची वेळ टाळा, डोकं झाका, आत कोणी असेल तर शिलालेख बघायचाय असं सांगा. फारुकींपैकी आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने ही बांधली. आत अरबी लेख आहे, आणि त्याच्या जोडीला चक्क संस्कृत लेख. संवत १६४६, शके १५११, पौष महिना, शुक्ल पक्ष, दशमी, पुढे घटका. एखाद्या पंचांगकर्त्याने सांगितल्यासारखी मशिदीची तारीख. त्यात फारुकी घराण्याची वंशावळही आहे. यावरून 'तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं' असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. पण आपली तारीख प्रजेतल्या दोन्ही प्रकारच्या लोकांना कळावी असं एका सुलतानाला वाटलं, एवढं तर दगडावरच आहे.

दुपारी शाही किल्ला. तापीच्या काठावर उभी भिंत, बराचसा पडका. हमामखाना मात्र बघाच, छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. तिथे कोणीतरी तुम्हाला सांगेल की ताजमहाल आधी इथेच बांधणार होते, माती योग्य निघाली नाही म्हणून आग्र्याला नेला. कथा म्हणून ऐका, मान डोलवा.

खरी हकीकत कथेपेक्षा जड आहे. शाहजहान १६३० मध्ये खानजहान लोदीच्या बंडामागे आणि निजामशाहीवर मोहीम चालवायला इथे येऊन राहिला. १७ जून १६३१ ला मुमताज महल इथे वारली, चौदाव्या बाळंतपणात. मुलगी जगली, गौहरआरा. मुमताजला नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शव आग्र्याला नेलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण ही तारीख पुन्हा बघा, १६३१. दख्खन आणि गुजरातमध्ये महादुष्काळ चालू होता, ज्याने देहूला तुकोबांचं घर मोडलं तोच काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याला निघाला होता, बुऱ्हाणपूरवरून. वाटेवर गावं ओस पडलेली, रस्त्याकडेला प्रेतं, शेणातून धान्याचे दाणे वेचणारी माणसं, असं तो लिहून ठेवतो. आणि बादशाही छावणीत रसद कमी नव्हती. शाहजहानचा दरबारी इतिहासकार लाहोरी सांगतो की बादशहाने लंगर सुरू केले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस सोमवार, एकूण एक लाख. हे काहीच नव्हतं असं मी म्हणत नाही. पण राणीच्या कबरीला पुढे जे मिळालं, ते या आकड्याशेजारी ठेवून बघा. म्हणून माझा आग्रह आहे की आहूखान्यात संध्याकाळी एकट्याने जा (अंधार पडायच्या आत परत फिरा, रिक्षावाल्याला थांबवून ठेवा). तिथे बघण्यासारखं फार नाही. ज्या कबरीतून राणीला हलवलं ती रिकामी जागा, आणि त्या वर्षी आसपास मेलेल्यांची तर तेवढीही नाही.

आता आपला, म्हणजे मराठ्यांचा भाग. १६८१ चा जानेवारी. संभाजीराजांचा राज्याभिषेक नुकताच झालेला, आणि महिनाअखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज बुऱ्हाणपूरवर येऊन आदळली. तटाबाहेरचा बहादुरपुरा आणि आणखी सतरा पुरे, सराफ-व्यापाऱ्यांची श्रीमंत वस्ती, तीन दिवस लुटले गेले. शहरात औरंगजेबाचा अधिकारी काकरखान होता, जिझिया वसुलीचं काम त्याच्याकडे. त्याच्याजवळ फौज तुटपुंजी होती, त्याने तटाचे दरवाजे लावून घेतले. आपण ही मोहीम अभिमानाने सांगतो, आणि लष्करी दृष्टीने ती होतीच तशी. एवढ्या लांबची अचूक खबर, वेग, आणि मदतीची फौज पोचायच्या आत लूट घेऊन पसार होणं. पण खाफीखान या मुघल इतिहासकाराने त्या पुऱ्यांत अडकलेल्या कुटुंबांचे जे हाल लिहिलेत, तेही वाचायला हवेत. तो शत्रुपक्षाचा आहे, भडक लिहितो, हे धरूनही. त्या पेठांतून आज फिरताना दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवता येतात. निदान मला तरी त्यात अडचण वाटत नाही.

परिणाम मोठा झाला. आमचा जीव आणि मालमत्ता सुरक्षित नाही, आता शुक्रवारची सामूहिक नमाज बंद करतो, असा अर्ज इथल्या उलेमांनी बादशहाला पाठवला. औरंगजेबाच्या वर्मी लागावं असंच हे लिहिणं होतं. त्यात त्याचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांकडे आलेला. नोव्हेंबर १६८१ मध्ये औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला, पुढच्या वर्षी औरंगाबादेकडे सरकला, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरेपर्यंत उत्तरेत परत गेला नाही. पंचवीस वर्षांची ती लढाई महाराष्ट्रात आली, ती याच गावातून.

मिर्झाराजा जयसिंगही इथलाच. पुरंदरचा तह करणारा तो १६६७ मध्ये इथे वारला. गावाबाहेर नदीसंगमाजवळ त्याची छत्री आहे. वेळ उरला तर जा.

रविवारी सकाळी कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमाराचं, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीतलं हे पाण्याचं काम. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, शहरापर्यंत आणलं. वर शंभराच्या आसपास विहिरीसारखी तोंडं ओळीने दिसतात, त्याच कुंड्या. इराणातल्या कनातींचीच ही पद्धत. ज्या इराणी जाणकाराने हे केलं त्याचं नाव 'तबकुतुल अर्ज' असं सांगतात. त्याचा शब्दशः अर्थ 'जमिनीचे थर'. आता हे नाव की पदवी, तुम्हीच ठरवा. खाली उतरायला लिफ्ट बसवली आहे, पण ती चालू आहे की नाही हे निघण्याआधी गावात विचारा. लोक याला 'खूनी भंडारा'ही म्हणतात. रक्ताबिक्ताचा संबंध लावू नका.

दुपार असीरगडाला द्या. वीसेक किलोमीटर, खांडव्याच्या रस्त्यावर. अकबराने हा गड जानेवारी १६०१ मध्ये घेतला, लांबलेल्या वेढ्यानंतर, आणि फारुकी राज्य संपलं. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आल्यावर आसपासचे लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणायला लागले, बुऱ्हाणपूरचं सोनं इथे पुरलंय म्हणून. पोलिसांना यावं लागलं. एकट्याने गड चढताना पाणी दोन बाटल्या, पायांत बूट, आणि चार वाजता उतरायला सुरुवात.

परत आल्यावर मावा जिलेबी खा. आपल्या जिलेबीसारखी कुरकुरीत नसते, काळपट, जाड, गुलाबजामाच्या जवळची. घरच्यांसाठी दराबा बांधून घ्या, रवा-साखर-तुपाचा, प्रवासात टिकतो. दुकानात मराठीत बोललात तरी चालतं, बहुतेक वेळा उत्तरही मराठीतच येतं. गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येईल. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेने इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं लिहिलं होतं. आता माल वेगळा आहे, माग चालू आहेत.

परतीची गाडी रात्रीची असेल तर तिकीट आधीच काढून ठेवा. या मार्गावर रविवारी ऐनवेळी जागा मिळणं कठीण. पुढच्या भागात थाळनेरला जाऊ, तापीच्याच काठाने, पण खालच्या अंगाला.