कुंद्याचं रान

कुंदा म्हटलं की शहरातल्या माणसाला बेळगावची मिठाई आठवते. आमच्या जिंतूर तालुक्यात कुंदा म्हणजे गवत. खोल काळ्या जमिनीत मुळ्यांचं जाळं टाकून बसलेलं. वरून कापलं तर पुन्हा फुटतं, वखर फिरवला तर मुळीचे तुकडे होतात आणि तुकड्या-तुकड्यातून नवा कोंब येतो. येलदरीला आमचं पाच एकराचं एक रान आहे. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर आहे, पण घरात त्याला सगळे ‘कुंद्याचं रान’च म्हणतात.

आजा निजामाच्या राजवटीत वाढलेला. त्याच्या काळी कुंदा काढायचा म्हणजे चैत्र-वैशाखात खंदायचा. गुत्तं घेऊन माणसं यायची. भेगाळलेल्या जमिनीत पहार घालून ढेकळं उलथायची, हातभर खालून मुळ्या ओढायच्या. बायका त्या वेचून टोपल्यानं धुऱ्यावर नेऊन टाकायच्या. आजा म्हणायचा, “कुंदा मरत नसतो, निजतो. त्याला उन्हातच गाठावं लागतं.” पुढं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. चार-चार बैलजोड्या जुंपून तो खोल घालायचा, मुळ्या वर आणायच्या आणि उन्हात वाळवायच्या. अवजार बदललं, पण हत्यार ऊनच राहिलं. गवताशी झुंजणारे काही आम्ही एकटे नव्हतो. मध्य भारतात कास नावाच्या गवतानं एवढी जमीन गिळली होती की ती मोडायच्या ट्रॅक्टरसाठी भारत सरकारनं १९४९ साली जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचं कर्ज काढलं.

१९६८ साली पूर्णेवरचं येलदरी धरण पुरं झालं. काठची काही जमीन पाण्याखाली गेली, वरच्या अंगाचं हे रान राहिलं. मग १९७२ चा दुष्काळ आला. कडब्यावाचून बैलं विकली, घरची माणसं खडी फोडायला गेली. नांगराला बैल नाही, गुत्त्याला पैसा नाही. रान पड पडलं. पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत कुंद्यानं ते असं धरलं, की धुरा कुठं आणि रान कुठं ते कळेना.

तणनाशक आमच्या घरात फार उशिरा आलं. ग्लायफोसेट जगाच्या बाजारात १९७४ सालीच आलेलं. वडिलांनी त्याचा पहिला डबा आणला तोपर्यंत मी कमावता झालो होतो. आम्ही काय केलं? आजाच्या शिकवणीप्रमाणं भर उन्हाळ्यात, वाळल्या कुंद्यावर फवारलं. वर पाणी घेतलं ओढ्यातल्या डबक्याचं, गढूळ. महिना गेला, मृग पडला आणि कुंदा हिरवागार! वडील म्हणाले, “पैशाचं पाणी झालं.”

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले एक पाहुणे आले होते. ते हसले. म्हणाले, “दादा, हे औषध हिरव्या पानातून आत शिरतं आणि पान जे अन्न मुळीला पाठवतं त्याच्यासंगं खाली जातं. वाळलेलं गवत अन्न कुठून पाठवणार? आन् गढूळ पाण्यातल्या मातीला ते चिकटून बसतं, गवतापर्यंत पोचतच नाही.”

म्हणजे सगळं उलटं होतं. आजा कुंद्याला उन्हात, निजलेला असताना गाठायचा. याला पावसात, जोमात असताना गाठायचं. पुढच्या साली रान पेरलं नाही. श्रावणात कुंदा गुडघ्याला लागला, फुलोरा यायच्या आधी स्वच्छ पाण्यातून फवारा मारला. पंधरवड्यात रान पिवळं पडलं. तीन आठवडे कुणी नांगर लावला नाही, मग खोल नांगरट केली. तरी ठिकठिकाणी कोंब आलेच. दोन वर्षं ते हुडकून मारावे लागले.

पण त्याच फवाऱ्याचे तुषार वाऱ्यानं चुलत्याच्या कपाशीवर गेले. त्याच्या चार तासांची पानं आकसली. चूक आमची होती. वारं बघायला पाहिजे होतं. चुलता दोन दिवाळ्या आमच्या उंबऱ्यावर चढला नाही.

आणखीही काही गेलं. कुंदा बैलाचा चारा होता, गोरगरिबाच्या शेळीचा आधार होता. धुऱ्यावरही फवारा चालू झाला तशी तिथली घोळ आणि तांदुळजा गेला. खंदायचं गुत्तं घेणाऱ्या घरांतली पोरं आता ऊसतोडीला जातात. कंबरतोड कामातून माणूस सुटला हे बरंच झालं. पण त्या कामाच्या जागी गावात त्यांना दुसरं काम कुणी दिलं नाही. औषधाबद्दलही शंका उठल्या. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकलं. २०२२ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याच्या वापरावर निर्बंध घातले. आम्ही तर उघड्या अंगानं फवारलेलं.

वडील गेले. भाऊ पुण्यात, मी नोकरीत. दोन पावसाळे रान पेरलं नाही. परवा जाऊन पाहिलं, तर वरच्या कोपऱ्यात दोन खाटांएवढा कुंदा उठलेला. गोठ्यात औषधाचा अर्धा डबा होता, शेजारी आजाची पहारही होती. डबा तसाच ठेवला. पहार उचलली, दहा मिनिटांत तळहाताला फोड आले. पलीकडून चुलता बघत होता. म्हणाला, “अरे, रान पेर. पेरत्या रानात कुंद्याला जागा नसती.”

औंदा बटईनं चुलत्यालाच दिलंय.