परवलीचा शब्द आणि हजेरीचे पुस्तक

परवलीचा शब्द मराठीला नवा नाही. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई अंधारातून येणाऱ्याला तो विचारीत असे, आणि सांगता आला नाही तर आपला माणूसही बाहेरच राहत असे. संगणकाला हा शब्द चिकटला तो मात्र १९६१ च्या सुमारास, आणि त्याचे मूळ कारण चोरांचे भय नसून गर्दी हे होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभी केली. ज्याचे त्याचे कागद वेगळे राहावेत व नेमून दिला तेवढाच वेळ ज्याने त्याने घ्यावा, एवढ्यासाठी हा शब्द आला. म्हणजे मुळात हे काम हजेरीबाबूचेच! आणि हजेरीबाबू आला की वाट काढणाराही येतोच. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. त्याने छिद्रे पाडलेल्या कार्डावर मागणी घालून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. १९६६ साली दोन फायलींची अदलाबदल झाली आणि येईल त्याला ती यादी आपोआप दिसू लागली.

यावर उपाय निघाला तो असा, की शब्द जसाच्या तसा न ठेवता दळून ठेवावा. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही. माणसाने शब्द सांगितला की यंत्र तो पुन्हा दळते आणि दोन पिठे ताडून पाहते. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन टॉम्पसन यांचा असा दळलेला शब्द जुन्या फायलीत राहून गेला होता. तो २०१९ साली उलगडला. नव्या ग्राफिक्स कार्डाला त्यासाठी चार दिवसांहून अधिक राबावे लागले, आणि निघाली ती बुद्धिबळातील वजिराच्या प्याद्याची पहिली चाल.

श्रोतेहो, हे पुराण काल्हेरच्या हमालाने का ऐकावे, असे कोणी विचारील. काल्हेर, कशेळी, राहनाळ, माणकोली या पट्ट्यात मुंबईचा माल साठविणारे गाळे उभे राहिले, आणि गाळ्यागाळ्याच्या कचेरीत लाल कापडी वहीच्या जागी संगणक आला. हजेरी त्यात, पगार त्यात, भविष्यनिर्वाह निधीची कपातही त्यातच. कामगाराचा एकच कायम खाते क्रमांक २०१४ साली सुरू झाला. त्यापूर्वी मालक बदलला की क्रमांक बदले. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत मासिक वेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती वर्षे जुळवायला जावे, तर उत्तर मिळते: कारकून गावी गेला, संगणक माळ्यावर आहे, आणि पासवर्ड कोणाला आठवत नाही.

हे उत्तर ऐकून परत फिरू नये, असे आमचे मत आहे. कुलुपे दोन जातींची असतात. पहिले नुसते दाराला. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये शब्द विचारणारी चौकट रद्द केली तरी यंत्र बहुधा उघडत असे. २००१ च्या एक्सपीचे दार अधिक भक्कम, पण भिंत कच्चीच. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतल्या साध्या फायली वाचता येतात. नॉर्वेच्या पेटर नॉर्डाल-हागेन यांनी तर १९९७ सालीच अशा यंत्रांतला शब्द पुसून टाकण्याचे साधन तयार करून मोफत दिले. मात्र ज्या फायली विंडोजने गूढलिपीत ठेवल्या असतील, त्या शब्द पुसल्याने उघडण्याऐवजी अधिकच बंद होतात. म्हणून आधी डिस्कची नक्कल करावी आणि मग हात घालावा.

दुसरे कुलूप दाराला नसते, अक्षरालाच असते. टॅली या हिशेबाच्या प्रणालीतील व्हॉल्ट आणि विंडोजमधील बिटलॉकर ही या जातीची. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कोठे छापून ठेवलेली सापडली तर ठीक. कोणी मोडीची उपमा देईल. पेशवे दप्तरातील मोडी रुमाल आज फार थोड्यांना वाचता येतात. पण मोडी शिकता येते, आणि म्हणूनच गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघू शकले. गूढलिपीला तशी शाळा नाही. किल्ली गेली की कागद हातात असून नसल्यासारखा.

मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या यंत्रात शिरणे हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गैर आहे. तेव्हा युनियनने पोरे माळ्यावर चढवू नयेत, पत्र द्यावे. पत्रही लवकर द्यावे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात पगाराची पुस्तके शेवटच्या नोंदीपासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन होते. कामगाराची गरज वीस वर्षांनी उभी राहते.

काल्हेरच्या एका गाळ्यात आम्ही असेच पत्र दिले. शेठ आधी तयार नव्हते, "भंगारात काय बघणार?" म्हणाले. यंत्र एक्सपीचे आहे असे कळल्यावर आम्ही त्यांना दार आणि अक्षर यांतला फरक समजावून सांगितला, आणि शेवटी त्यांच्याच समोर भिवंडीच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क काढली. २००४ ते २०१३ पर्यंतची हजेरीपत्रके साध्या तक्त्यांत जशीच्या तशी निघाली. आठ माणसांची नावे त्यांत महिन्यामहिन्याने होती. एकाचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले. शेठनी त्यांच्या छापील प्रतींवर शिक्का दिला व त्या अर्जांना जोडल्या.

पगाराचा हिशेब मात्र व्हॉल्टमध्ये होता. कारकुनाला गावी फोन लावला. त्याने मुलीचे नाव सांगितले, मग मोटारसायकलचा क्रमांक, मग दोन्ही एकत्र. एकही लागला नाही. आठवले तर कळवितो, असे तो म्हणाला आहे.