जुन्या स्पोर्ट्स कारला दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स: नक्की काय काय जुळवावं लागतं?

मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत एम.जी. टीडीसारखी छोटी दोन सीटची गाडी बघताना छान वाटते. पण रॅली संपल्यावर तीच गाडी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून मुलुंडला घरी न्यायची म्हटलं की गंमत कळते. ८० च्या स्पीडलाच इंजिन ओरडायला लागतं, आणि हात सवयीने पाचवा गिअर शोधतो. तो नसतोच. शिवाय सिग्नलला गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायला गेलात तर खर्रकन आवाज येतो, कारण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही.

म्हणून जगभर अशा गाड्यांचे मालक एक उद्योग करतात: मूळ गिअरबॉक्स काढून त्या जागी दुसऱ्याच कंपनीचा, नंतरच्या काळातला पाच गिअरचा बॉक्स बसवतात. टीडीसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा बॉक्स म्हणजे फोर्डचा टाइप-नाइन, जो १९८० च्या दशकातल्या फोर्ड सिएरामध्ये होता. हे बसवताना नेमकं काय घडतं, कुठे फसतं आणि आपल्याकडे कायद्याचं काय, ते या लेखात बघू.

कुर्ल्याचं उदाहरण

दुसऱ्याचा गिअरबॉक्स म्हणजे गाडीचा अपमान, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी जरा कुर्ल्याकडे बघावं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यात बनणारी पद्मिनी मुळात फियाट ११००. इंजिन १०८९ सीसी, गिअरबॉक्स चार गिअरचा आणि लिव्हर स्टिअरिंगच्या दांड्यावर. १९८५ मध्ये त्याच कंपनीने ११८-एनई आणली. तिची बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली आणि इंजिन-गिअरबॉक्स निसानचे. पुढे पद्मिनीच्या शेवटच्या काळात एस-वन नावाचं मॉडेल आलं, त्यात इंजिन फियाटच्या वंशाचं ठेवून मागे निसानचा चार गिअरचा बॉक्स लावला होता, आणि लिव्हर दांड्यावरून खाली फ्लोअरवर आला. म्हणजे इटालियन डिझाइनच्या इंजिनाला जपानी गिअरबॉक्स, आणि तो कंपनीनेच लावलेला.

पद्मिनी काही स्पोर्ट्स कार नाही, मान्य. मग अलिबागजवळ कार्लेखिंडीतली चिंकारा मोटर्स बघा. त्यांची रोडस्टर लोटस सेव्हनच्या धाटणीची, आणि तिचं १.८ लिटरचं इझुझु इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसातही होतं. भारतात छोटा उत्पादक स्वतः गिअरबॉक्स बनवत बसत नाही, हाताशी आहे त्यातून जुळवतो. फरक इतकाच की कंपनीकडे ड्रॉइंग असतात आणि टेस्टिंगला वेळ असतो. आपल्याकडे एक जुनी गाडी, एक टर्नर आणि रविवार.

पाचव्या गिअरने किती फरक पडतो?

आधी गणित करा, मग पाने उचला. टीडीच्या मागच्या ॲक्सलचं रेशो ५.१२५ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला पाचहून जास्त फेरे मारावे लागतात. चौथ्या गिअरमध्ये गिअरबॉक्स १:१ असतो. अशा वेळी इंजिनाच्या दर १००० आरपीएमला गाडी साधारण २३ किमी वेगाने जाते. ८० च्या वेगाला इंजिन जवळपास ३४५० आरपीएमवर फिरतं.

टाइप-नाइनचा पाचवा गिअर ०.८२ चा. तेवढ्याच वेगाला आता इंजिन २८३० आरपीएमवर येतं, म्हणजे १८ टक्के कमी. हा आकडा टीडीच्या बाबतीत महत्त्वाचा का? तिचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन लाँग-स्ट्रोक आहे: बोअर ६६.५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी. स्ट्रोक लांब असला की त्याच आरपीएमला पिस्टनला जास्त अंतर पळावं लागतं. ३४५० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.३ मीटर येतो, २८३० ला ८.५ मीटर. सत्तर वर्षं जुन्या इंजिनासाठी हा मोठा दिलासा आहे. आणि योगायोग असा की या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क २६०० आरपीएमच्या आसपास आहे, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये ८० ला आपण त्याच्या अगदी जवळ असतो.

पण एक लक्षात घ्या. या इंजिनाची ताकद जेमतेम ५४ बीएचपी. पाचव्यात चाकावर पोचणारा टॉर्कही १८ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात पाचवा विसरा, चौथाही दर वेळी पुरेल असं नाही. सायन ते ठाणे सपाट रस्त्यावर मात्र मजा आहे.

खालच्या गिअरचं काय? टीडीचा पहिला ३.५ चा, टाइप-नाइनचा ३.६५ चा. हा फरक किरकोळ. पण टाइप-नाइनचा दुसरा १.९७, त्यामुळे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम मूळपेक्षा जरा जास्त पडतात. घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये सारखं पहिला-दुसरा करताना हे जाणवेल. सिएराच्या व्ही-सिक्स मॉडेलमधल्या टाइप-नाइनचे खालचे रेशो वेगळे होते, पहिला ३.३६ आणि दुसरा १.८१, म्हणून बॉक्स घेताना तो कुठल्या गाडीतून निघालाय हे विचारा. मजबुतीची काळजी नको. जो बॉक्स २.८ लिटर व्ही-सिक्सच्या मागे टिकला, त्याला टीडीचं इंजिन म्हणजे पोरखेळ.

खरी अडचण: दोन सेंटर एका रेषेत

सॉफ्टवेअरवाल्यांना अडॅप्टर माहीत असतो: दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत नाहीत, तर मध्ये एक थर टाका. इथेही मध्ये अडॅप्टर प्लेट किंवा नवं बेल हाउसिंग येतं. फरक एवढाच की आपला अडॅप्टर चुकला तर एरर दिसतो, इथे चुकला तर पहिले पाचशे किलोमीटर सगळं मस्त चालतं.

गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकातल्या छोट्या बुशमध्ये टेकतं. शाफ्टचं मागचं टोक गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असतं. म्हणजे एक टोक इंजिनाच्या ताब्यात, दुसरं गिअरबॉक्सच्या. दोघांची सेंटर एका रेषेत नसतील तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकतो. मिनिटाला तीन हजार वेळा. मग आधी बुश जातो, मग पुढचं बेअरिंग, मग गिअर उडायला लागतो, आणि मालक म्हणतो की "फोर्डचा बॉक्सच खराब निघाला".

सर्वसाधारण नियम असा की बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाचा रनआउट ०.१२ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. आपला केस साधारण तेवढाच जाड असतो. हे डोळ्यांनी दिसत नाही, बोटाला लागत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा, त्याचा काटा भोकाच्या कडेवर टेकवायचा आणि इंजिन हाताने पूर्ण फिरवून बघायचं. काटा एकूण ०.३० मिमी हलला तर सेंटर त्याच्या निम्म्याने, ०.१५ ने सरकलेलं आहे. मग ऑफसेट डॉवेल पिनने हाउसिंग सरकवायचं. साकीनाका, मरोळ भागात चांगले टर्नर आहेत, प्लेट ते सुंदर बनवून देतात. पण प्लेट गाडीवर चढल्यावर पुन्हा मोजणं हे तुमचं काम. मी बघितलेल्या एका गाडीत प्लेट अप्रतिम होती, फक्त जुना बुश तसाच ठेवला होता, आणि नवा शाफ्ट त्यात ढिला बसत होता. दोन महिन्यांत बॉक्स पुन्हा खाली.

बाकीच्या जोडण्या

क्लच प्लेट ही गंमतीची वस्तू आहे. तिचा बाहेरचा भाग इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जुळला पाहिजे आणि मधल्या हबचे दाते नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. म्हणून व्यास एकाचा आणि हब दुसऱ्याचा अशी प्लेट शोधावी किंवा बनवून घ्यावी लागते. रिलीज बेअरिंगही बघा. टीडीच्या काळात ते ग्रॅफाइटचं असायचं, आताचं बॉल बेअरिंगचं असतं, आणि उंची बदलली की पेडलचा प्रवास बदलतो.

प्रोपेलर शाफ्ट बहुतेक वेळा नवा करावा लागतो, कारण लांबी आणि टोक दोन्ही बदलतात. कापून वेल्ड केला की बॅलन्सिंग न करता बसवू नका. आणि गिअरबॉक्स मागे किती झुकवला यावर शाफ्टचे कोन ठरतात: पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे कोन सारखे नसतील तर ठराविक स्पीडला गाडी थरथरते. लोक टायरवर खर्च करत बसतात.

लिव्हर कुठे बाहेर येतो ते बॉक्स घेण्याआधी मोजा. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून फिरते, त्यामुळे नव्या बॉक्सने काटा खोटं बोलायला लागतो. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा, मग पिनियन बदला किंवा मीटर कॅलिब्रेट करून घ्या. आणखी एक, बऱ्याच टाइप-नाइनना खाली ऑइल काढायचा नटच नसतो. बॉक्स टेबलावर असतानाच उलटा करून जुनं ऑइल काढून टाका.

मुंबईत दुसरा पर्याय?

सिएरा भारतात विकली गेली नाही, त्यामुळे टाइप-नाइन बाहेरून मागवावा लागतो. म्हणून अनेकांची नजर कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारावर जाते. तिथे ढिगाने पडलेले बॉक्स मुख्यतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे. मारुती ८०० पासून तीच पद्धत रूढ झाली. त्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात असतात, ते आपल्याला निरुपयोगी. हवा तो इंजिन उभं आणि मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीचा: ११८-एनई, इझुझु इंजिनवाली काँटेसा, क्वालिस, किंवा जिप्सी. जिप्सीचा ट्रान्सफर केस वेगळा असतो, म्हणून नुसता पाच गिअरचा बॉक्स सुटा वापरता येतो. ऑम्नीचाही बॉक्स या यादीत बसतो, पण तिचं इंजिन सीटखाली आणि लिव्हर लिंकेजने जोडलेला, त्यामुळे लिव्हरचं सगळं नव्याने करावं लागेल.

टीडीसाठी तयार किट मिळतं, यांच्यासाठी मिळत नाही. म्हणजे वरचं डायल गेजचं प्रकरण पूर्णपणे तुमच्या टर्नरवर. बॉक्सचे वाचलेले पैसे तिथे जातात, म्हणून टीडीला मी तरी किटच सुचवेन.

आरटीओ आणि ओरिजिनॅलिटी

आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सला रकाना नाही. म्हणून "कोण बघतंय" असं गॅरेजवाले सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मात्र उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून आरसीतला तपशील वेगळा पडेल अशा बदलांना मनाई करतं, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला. म्हणून आपल्या आरटीओला, म्हणजे अंधेरी, बोरिवली किंवा पूर्व उपनगरांसाठी वडाळा, आणि विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर बघतोच.

व्हिंटेज नोंदणीचा मुद्दा वेगळा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. गिअरबॉक्सचं नाव त्यात घेतलेलं नाही. पण बॉक्स मावत नाही म्हणून कोणी चासीचा क्रॉसमेंबर कापला, तर तो चासीतला बदलच झाला.

म्हणून माझी अट एकच: ग्राइंडर लावायचा नाही. नवं माउंटिंग चासीच्या आधीच्याच भोकांना बोल्टने बसलं पाहिजे. टीडीत फ्लोअरच्या फळ्या लाकडी असतात, तिथे बदल लागला तर जुनी फळी ठेवून नवी कापा. काढलेला मूळ गिअरबॉक्स भंगारात देऊ नका. आत ऑइल भरून, तोंडं बंद करून, प्रोपेलर शाफ्ट आणि क्लच प्लेटसकट एका खोक्यात ठेवा आणि खोक्यावर गाडीचा चासी नंबर लिहा.