मोह आणि परीक्षा

देहूरोड स्थानकावर उतरून देहूस जाणाऱ्या यात्रेकरूस, शिवाजीमहाराजांचा नजराणा तुकोबांनी परत पाठविल्याची आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. शुभवर्तमानांतही असाच प्रसंग आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने येशूपुढे भाकर, चमत्कार व जगाची राज्ये ही तीन प्रलोभने मांडिली. मराठी बायबलात यास ‘परीक्षा’ म्हटले आहे, ते आम्हांस यथार्थ वाटते. मोह समोर येणे हे पाप नव्हे, त्यास वश होणे हे पाप, असाच त्या कथेचा आशय होय.

तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लोभाने धर्म सोडला, असा आरोप त्या काळी अशा माणसांवर सर्रास होई. वस्तुतः टिळकांस आप्तेष्ट अंतरले. लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. खरी परीक्षा पुढेच होती. मिशनच्या वेतनात वाईट असे काहीच नव्हते. तरी १९१७ साली त्यांनी तेही सोडून संन्यस्त वृत्ती पत्करिली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ साली ते निवर्तले.

पापाचा मोह ओळखणे सोपे. चांगल्या वस्तूचा मोह ओळखावयास मात्र तुकोबांची दृष्टी हवी, असे आम्हांस वाटते.