अमळनेरचे हस्तलिखित दैनिक

चंदिगडसारख्या ठिकाणी मराठी माणसाने स्मरणिकेसाठी लेखणी उचलली की तिने घुमानच्या संत नामदेवांकडे वळावे, हा जणू शिरस्ताच होऊन बसला आहे. तो आज आम्ही मोडीत आहो. इंडस्ट्रियल एरियात भोंग्याच्या तालावर दिवस मोजणाऱ्या आपल्या सभासदांस एका गिरणीच्या गावातील शिक्षकाची हकीगत अधिक जवळची वाटेल. ते गाव खानदेशातील अमळनेर, आणि ते शिक्षक पांडुरंग सदाशिव साने.

अमळनेरास प्रतापशेठजींची कापडगिरणी होती, आणि त्यांच्याच औदार्याने उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिरही. तेथे अभ्यासासाठी आलेले साने १९२४ साली खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. लवकरच छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे दैनिक काढले. दैनिक म्हणजे काय, तर हाताने लिहिलेले कागद! छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, जाहिरात नाही. दिवसभर वर्गात शिकवावे आणि मुले निजल्यावर दुसऱ्या दिवसाचा मजकूर लिहीत बसावे. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक छापून निघू लागले खरे. परंतु गुरुजींच्या लेखणीला वळण लागले ते त्या हस्तलिखितात, असे आमचे मत आहे.

शिक्षकी पेशा आणि लेखन यांचा मेळ आपल्याकडे अनेकांनी निरनिराळ्या रीतीने घातला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेत असतानाच १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि १८७९ साली नोकरीचा राजीनामा दिला. (आम्हां सरकारी नोकरांस हे वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते.) वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ शिरोड्यास शाळा सांभाळून लेखन केले, परंतु त्यांचा वाचक शाळेच्या भिंतीबाहेरचा होता. गुरुजींचा पहिला वाचक मात्र समोर सतरंजीवर बसलेला असे. त्याचे नाव, त्याचे घर, त्याचे रुसणे त्यांस ठाऊक होते.

१९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले, पण त्यांच्यातील मास्तर तुरुंगातही गेला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरून घेतली गुरुजींनी, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहेत. दुसऱ्याचे बोलणे स्वतःचा शब्द न मिसळता टिपावयाचे, हे लेखकास सहसा जमत नाही; विद्यार्थ्यास जमते. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. त्या पुस्तकाची घडण पाहा. प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. प्रार्थना आटोपली आहे, मित्र भोवती बसले आहेत आणि श्याम सांगतो आहे. हा अमळनेरच्या छात्रालयातील संध्याकाळचाच नमुना नव्हे काय?

त्यांचे लेखन भाबडे, अश्रूंनी ओथंबलेले, अशी टीका पुष्कळ झाली. ती सर्वस्वी चूक आहे असे म्हणवत नाही. मात्र घरापासून दूर असलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला रात्री काय सांगावे, या प्रश्नातून ती शैली निघाली, हे टीकाकारांनी फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. अखेरच्या काळात पुतणी सुधा हिला लिहिलेल्या 'सुंदर पत्रे' या पुस्तकातील पत्रांतही समोर बसलेले मूल सुटलेले नाही. आणि याच काळात, मराठी मुलाने शेजारच्या भाषा शिकाव्यात म्हणून, 'आंतरभारती'चे स्वप्न ते बोलून दाखवीत होते.

आपल्या मंडळातील मुलांनी हे स्वप्न निम्मे पुरे केले आहे. हिंदी, पंजाबी, इंग्रजी ती सफाईने लिहितात. मराठी बोलतात, लिहावयास सांगितले की पेन्सिल थांबते. दोष त्यांचा नाही. त्यांच्यासाठी, त्यांची नावे घेऊन, मराठीत कोणी काही लिहिलेच नाही.

मंडळाच्या खोलीत सूचनांचा एक फलक आहे. वार्षिक वर्गणीची थकबाकी सोडल्यास त्यावर बहुधा काही नसते. तेथे दर रविवारी मुलांसाठी हाताने लिहिलेला एक कागद लावावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. पहिल्या महिन्याचा मजकूर आम्ही लिहू. त्याखाली मुलांनी चार ओळींचे उत्तर लिहावे, आणि ते लाल शाईने कोणी तपासू नये.