युरोव्हिजनचं सोवळं

युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा 1956 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत सुरू झाली. राजकीय आशयाचं गाणं चालणार नाही, असं सोवळं ती पाळते. पण वादात सापडलेली गाणी शेजारी शेजारी ठेवली, की दिसतं ते असं : या सोवळ्याला राजकारणाचा विटाळ होत नाही, होतो तो फक्त उघड बोलण्याचा. 2008 च्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध झालं. पुढच्या वर्षीची स्पर्धा नेमकी मॉस्कोत होती. जॉर्जियाने निवडलं एक उडतं डिस्को गाणं, 'वी डोन्ट वॉना पुट इन'. शेवटचे दोन शब्द जोडून म्हटले की कोणाचं नाव होतं, हे शाळकरी पोरानेही ओळखलं असतं. शब्द बदला किंवा दुसरं गाणं पाठवा, असं आयोजकांनी बजावलं आणि जॉर्जियाने माघार घेतली.

2016 मध्ये युक्रेनने जमाला या गायिकेचं '1944' निवडलं. 1944 च्या मे महिन्यात स्टालिनच्या हुकमावरून क्रिमियातल्या तातारांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून मध्य आशियात धाडलं गेलं. जमालाच्या पणजीची लेक त्या प्रवासातच दगावली. गाण्याचे शब्द बहुतेक इंग्रजी, ध्रुवपद मात्र तातारी, एका जुन्या लोकगीतातून घेतलेलं. त्यात रशियाचं नाव नाही, स्टालिनचंही नाही. रशियातून आक्षेप आले, पण आयोजकांनी ते इतिहासाचं गाणं मानून मंजूर केलं. आता कोणी म्हणेल, पुढाऱ्याची टवाळी आणि घराण्याचं दुःख एकाच मापाने कसं मोजायचं? गाणं म्हणून '1944' कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. पण नियम दर्जाविषयी नाही, राजकारणाविषयी आहे. रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला तो 2014 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी हे गाणं ऐकताना कोणाच्या मनात फक्त स्टालिन आला असेल?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : अशी गाणी मोकळी सोडली, तर स्पर्धेचा आखाडा होईल. 2016 ची स्पर्धा झाली त्या स्टॉकहोमची मतमोजणी मात्र वेगळं सांगते. '1944' 534 गुणांनी जिंकलं. रशियाच्या प्रेक्षकांनी त्याला 10 गुण दिले आणि युक्रेनच्या प्रेक्षकांनी रशियाच्या गाण्याला पूर्ण 12. आखाडा मांडला तो सरकारांनी, ऐकणाऱ्यांनी नव्हे.

शिवाय शब्द कितीही गाळून घेतले तरी अर्थ ऐकणाराच भरतो. 1974 मध्ये इटलीचं गाणं 'सी', म्हणजे 'हो', हे निव्वळ प्रेमगीत होतं. पण घटस्फोटाच्या कायद्यावरचं सार्वमत महिन्याभरावर आलेलं. मतदारांवर परिणाम होईल या भीतीने इटलीच्या सरकारी वाहिनीने स्पर्धाच थेट दाखवली नाही. त्याच वर्षी पोर्तुगालचं विरहगीत 3 गुण मिळवून तळाशी राहिलं. 24 एप्रिलच्या रात्री तेच रेडिओवर वाजलं, ते लष्करी उठावाचा पहिला इशारा म्हणून. कोणाला संशय येऊ नये, असंच गाणं त्यासाठी हवं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धशतकाच्या आसपास टिकलेली हुकूमशाही कोसळली.

2024 मध्ये इस्रायलचं 'ऑक्टोबर रेन' राजकीय ठरवून नाकारलं गेलं. शब्द बदलून, 'हरिकेन' या नावाने, त्याच गायिकेने ते मालमोत गायलं, बाहेर रस्त्यावर निदर्शनं सुरू असताना. गाणं पाचवं आलं.